डॉक्टरांनी वापरलेली स्प्लेंडर

अभिनंदन. तुम्ही एमएच १३ पासिंगची, २०१० सालची हिरो होंडा स्प्लेंडर घेतलीत. विकणारा म्हणाला, "सिंगल हँड आहे मालक, डॉक्टरांची गाडी. घर ते दवाखाना, बास." तुम्ही विश्वास ठेवलात. ठेवावाच लागतो. सोलापुरात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी एक तर डॉक्टरांची असते, नाही तर बँकेतल्या मॅडमची. गवंड्यानं, पेपरवाल्यानं, दूधवाल्यानं वापरलेल्या गाड्या शेवटी कुठं जातात, हे कोडं अजून आरटीओलाही सुटलेलं नाही.

घरी आणून उन्हात उभी केल्यावर मात्र थोडंफार दिसायला लागलं असेल. दोन्ही साईड पॅनलवर एकाच उंचीला अर्धगोल घासलेलं. मागं दोन्ही अंगाला वेल्ड करून बसवलेले बोटाएवढे जाड लोखंडी हुक. कॅरिअर डावीकडं कललेलं. मागच्या मडगार्डला बोल्टापासून निघून खाली उतरलेली चीर. शॉकअपच्या कव्हरवर पांढुरके डाग, आणि नाक जवळ नेलं तर आंबूस वास. डॉक्टर बहुधा चाळीस-चाळीस लिटर औषध दोन्ही बाजूंना लटकवून पहाटे मंद्रूपकडून व्हिजिटला येत असावेत.

घाबरू नका. अशी गाडी नवी करायला एकच नियम पाळायचा: जे दिसत नाही, ते नाही. पैसा, वेळ आणि पाहुण्यांचे सल्ले, तिन्ही फक्त दिसणाऱ्या भागावर खर्च करायचे.

सुरुवात टाकीपासून. टाकीवरचा ओरखडा नखानं तपासतात. नख अडलं नाही तर तो वरच्या लॅकरच्या पारदर्शक थरातच आहे आणि रबिंग पॉलिशनं जातो. अडलं तर तो खाली रंगात उतरलाय आणि रबिंग त्याचं काही वाकडं करू शकत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, असं कुणाला कळू देऊ नका. नख अडलं तरी रबिंगच घासा. जोर लावून घासा. टाकीच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथं जरा जास्तच घासा. तासाभरात खालचा प्राइमर वर डोकावेल. आता ओरखडा दिसत नाही, प्राइमर दिसतो. तत्त्वतः आपण जिंकलो.

इथून पेंटरकडं जावंच लागतं. जोडबसवण्णा चौकाच्या बाजूला माझ्या माहितीतला एक पेंटर आहे. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, हेल्परला शिव्या कन्नडमध्ये. गाडी बघून तो एकच प्रश्न विचारतो: "विकायचीय का वापरायचीय?" इतका सरळ प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुठल्याच कारागिरानं विचारलेला नाही. दोन्हीचे रेट वेगळे. वापरायची असेल तर जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवायचा, खळगा ओढून काढायचा, मग पातळ लांबी, म्हणजे पुट्टी, तिच्यावर ४०० नंबरचा पाणीकागद, प्राइमर, ८००, रंग आणि शेवटी हार्डनर घालून कडक होणारं लॅकर. विकायची असेल तर खळग्यात लांबी थापायची आणि वरून डबीतला स्प्रे मारायचा. तुम्ही गाडी वापरणार आहात, म्हणून विकायचाच रेट द्या. फरकाच्या पैशात रेडियमवाल्याकडून टाकीला दोन ज्वाळा काढून घेता येतात.

लांबी पातळच बसते. बोटभर थापली की पत्रा तापतो, निवतो, फुगतो, आकसतो, खालून इंजिन थरथरवतं, आणि पाच-सहा महिन्यांत तिला कोरड्या तळ्यासारख्या भेगा पडतात. म्हणून बोटभर थापा. काम मे महिन्यातच काढा, पारा ४३ च्या पुढं गेला की. हार्डनर टाकून लांबी कालवेपर्यंत ती लावायच्या पत्रीवरच दगड होईल, आणि स्प्रेचे थेंब टाकीवर टेकायच्या आधी हवेतच सुकून संत्र्याच्या सालीसारखा रंग बसेल. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, हवा थंड आणि कोरडी असते, रंग गुळगुळीत बसतो. पण तेव्हा पेंटर गड्ड्यावर पाळण्यात बसलेला असतो, आणि तुम्हीही.

घासकामाला पाणी भरपूर लागतं. पाणीकागद कोरडा चालवला की रंगाची पूड त्यात बसते आणि नवे ओरखडे उठतात. आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड. तेव्हा पाणी येईल त्याच पहाटे टाकी घासायला बसा. घरातली माणसं हंडे-कळश्या घेऊन तुमच्याकडं बघत उभी राहतील. बघू द्या.

एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. "टाकी रिकामीच आहे, लाव वेल्डिंग," असं कुणाला गमतीतही म्हणू नका. पेट्रोल संपलेल्या टाकीत वाफ उरते, आणि भडका तिचाच उडतो. झालं, थट्टा पुन्हा सुरू.

रंग झाला की तिसऱ्या दिवशी पंपावर जाऊन टाकी फुल करा. झाकणाशी दोन थेंब सांडतील. हार्डनरचं लॅकर असतं तर फडक्यानं पुसले गेले असते. तुमच्या डबीतल्या स्प्रेवर ते सांडले की रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. घाबरायचं कारण नाही. स्टिकर कशासाठी असतात? झाकणाखाली "आई-वडिलांचा आशीर्वाद". मडगार्डच्या चिरेवर आडवं "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे". चीर पुढं वाढली तर अक्षरं मोठी घ्या.

जाता जाता, काळ्या रंगाची गाडी लाल केलीत तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. आरसी दिसत नाही. पुढं चला.

आता साईड पॅनल. कॅनच्या काठानं बाहेरून घासून ते पांढरं पडलंय, आणि त्याची आतली खुंटी तुटलीय, म्हणून खड्ड्यात ते टाळ वाजवतं. खरा इलाज अवघड नाही. पॅनल उलटं करून आत कोरलेली अक्षरं वाचा. एबीएस असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून घट्ट लगदा होतो, त्यानं खुंटी पुन्हा उभी राहते. पीपी असेल तर अ‍ॅसिटोन त्याला हातही लावत नाही. घाई असेल तर फेविक्विकवर चिमूटभर खायचा सोडा. क्षणात दगड होतो, वर कानशीनं आकार देता येतो. पण हे सगळं आतल्या बाजूचं काम. आतली बाजू दिसत नाही. तुम्ही बाहेरून एम-सील लावा, वर अंगठ्याचा ठसा राहू द्या, आणि पॅनल लाल वायरनं फ्रेमला बांधून टाका.

उन्हानं राखाडी पडलेल्या काळ्या प्लास्टिकला डिझेलचा बोळा फिरवा. काय काळं दिसतं! होटगी रोडनं एक चक्कर मारून आलात की सगळी धूळ त्यावर बसून ते आधीपेक्षा राखाडी होईल. पुन्हा बोळा. सायलेन्सरवरचा वरवरचा गंज चॉकलेटची चांदी पाण्यात भिजवून घासली की निघतो, फुकटात. म्हणूनच कुणी तो उपाय करत नाही. कपाटाला मारतात तो चंदेरी रंग मारा. अक्कलकोट येईपर्यंत जळून त्याचा धूर होईल आणि मागचा माणूस तुम्हाला हात करून थांबवेल. ओळखी अशाच वाढतात.

राहिले हुक. ते कापले तर खाली भाजलेला, गंजलेला पत्रा दिसतो, कारण आंबलेलं दूध वर्षानुवर्षं तिथंच ओघळलेलं. म्हणून ते झाका. दोन्ही बाजूंना फायबरच्या डिक्या बसवा, जुन्या मिळाल्या तर उत्तम. त्यांचे कोपरे कुणी तरी आधीच फोडून ठेवलेले असतात, तेवढं तरी काम वाचतं. सीटच्या फाटक्या शिवणीवर आपला टेरी टॉवेल. गावात टॉवेल विणणारे इतके असताना सीट शिवायला पैसे घालणं हा स्थानिक उद्योगाचा अपमान आहे.

आणि जे दिसत नाही त्याचं काय? मागच्या ब्रेकच्या ड्रमवर एक बारीक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेला टेकला की लायनर संपले. तुमचा बाण खुणेच्या पुढं गेलाय, पण त्यावर इतकं ग्रीस आणि माती आहे की बाणच दिसत नाही. चेन मागच्या चक्रावरून बोटानं ओढली तर दात उघडे पडतात, म्हणजे चेन संपलीय. मग ओढू नका. ऐंशी लिटर दूध वर्षानुवर्षं वाहून शॉकअपच्या जवळ फ्रेमच्या वेल्डिंगला केसाएवढी भेग गेलीय, ती नेमकी डिकीच्या मागं आली. किती सोय झाली.

हॉर्नही दिसत नाही. त्याच्या बटणातला कॉन्टॅक्ट सैल आहे. एकदा दाबलं तरी तीनदा वाजतो, दोन छोटे, एक लांब. मेकॅनिक म्हणेल, चाळीस रुपयांचं काम आहे. चाळीस रुपयांत दोन ज्वाळा आणखी येतात. नको म्हणा.

झाली गाडी तयार. पहिली चक्कर पहाटे मारा, तिरप्या उजेडात लांबीचे उंचवटे डोंगरासारखे उठून दिसतात, म्हणून जरा अंधारातच. पार्क चौकात चहा प्या, गाडी दिव्यापासून लांब लावा, दोघं-तिघं मान वळवून ज्वाळांकडं बघतील. परतताना शॉर्टकट म्हणून एखाद्या बोळात शिरा. बोळात कुत्रं आडवं येईल. ब्रेक दाबाल; तो लागेल, जरा पुढं जाऊन लागेल. मग हॉर्न दाबाल. पीं, पीं, पींऽऽऽ.

तीन दारं उघडतील. पहिल्या दारात म्हातारी, हातात पातेलं. ती टाकी बघणार नाही, ज्वाळा बघणार नाही, तुमचं तोंडही नीट बघणार नाही.

"का बे, चार दिवस कुठं गेलतास? घाल लवकर, आज अर्धा लिटर जास्तीचं. लेक आलीय."