आत्या, ते घरटं राहू दे

20 मार्चला चिमणी दिन येतो आणि चिमण्यांच्या नावाने गळा काढणारे मेसेज फिरायला लागतात. यंदाचा जरा चढाच होता. साळुंकी हा परदेशातून आलेला पक्षी. ती दाण्यावरून चिमण्यांना हुसकावते, म्हणून शहरातल्या चिमण्या संपल्या. तिचं घरटं दिसलं की काढून टाका. दाण्याच्या ताटलीशी आरसा ठेवा, स्वतःलाच बघून ती पळेल. उरलेल्या चिमण्या मोबाइल टॉवरने मारल्या. खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

एरवी मी असलं न वाचताच पुसतो. पण रविवारी आत्याकडे गेलो तर ही बाई स्टुलावर उभी, हातात केरसुणी, समोर गिझरच्या पाइपासाठी पाडलेलं भोक. भोकातून सुतळीचे धागे आणि गुटख्याच्या पुडीची चंदेरी पट्टी लोंबत होती, आत चार फिकट निळी अंडी. साळुंकी ग्रिलवर बसून घसा फोडत होती. ‘अरे, परदेशी आहे ती,’ आत्या म्हणाली.

परदेशी! साळुंकी मूळची इथलीच, आपल्या उपखंडातली. एकोणिसाव्या शतकात पिकावरची कीड खाईल म्हणून माणसांनीच तिला ऑस्ट्रेलियात नेऊन सोडलं. तिथं ती डोईजड झाली आणि तिथले लोक तिला ‘इंडियन मैना’ म्हणून शिव्या घालतात. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींची एक यादी आहे, तीत ती आहे हे खरं. त्याच यादीत आपला लालबुड्या बुलबुलही आहे, मग उद्या त्यालाही हाकलायचं का? कुणीतरी ऑस्ट्रेलियाचं रडगाणं मराठीत आणलं, देश बदलायचं तेवढं राहून गेलं.

घरटं काढायच्या सल्ल्यावर तर मी चिडलोच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. रानपक्ष्याची अंडी फोडणं किंवा घरट्याला, अंड्यांना धक्का लावणं हेही त्या व्याख्येत येतं. म्हणजे आत्याची केरसुणी कायद्याच्या लेखी बंदुकीच्याच रांगेत. हे सांगितल्यावर ती स्टुलावरून उतरली. कायद्याला भ्यायली की गुडघा दुखत होता, विचारलं नाही.

आता आरसा. हा ज्याच्या डोक्यातून निघाला त्याने आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये यावं. एप्रिल-मेमध्ये तिथं एक दयाळ नर स्कूटरच्या आरशाशी रोज सकाळी युद्ध करतो. विणीच्या हंगामात त्याची हद्द ठरलेली असते, बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांसारखी. आरशात दिसणारा पक्षी आपणच आहोत हे त्याला कळत नाही, तो घुसखोर वाटतो. आणि हा घुसखोर हटतच नाही! आरशावर चोचीचे ओरखडे, खाली शिटेचे ओघळ. शेवटी वॉचमनने आरशाला जुना मोजा चढवला तेव्हा कुठे त्या जिवाला शांतता मिळाली. आणि जुन्या घरांत भिंतीवरच्या आरशावर टकटक करणारा पक्षी कोणता होता, आठवतंय? चिमणाच. म्हणजे साळुंकीला घालवायला ठेवलेला आरसा चिमण्यालाच छळणार.

ताटलीवरची दादागिरी मात्र मी मान्य करतो. पण ती हद्दीची भांडणं नाहीत, ताटाची आहेत. सगळं एका थाळीत ओतलं की अंगाने मोठा तो थाळी अडवतो: कावळा साळुंकीला उठवतो, साळुंकी चिमणीला. तेच दाणे गच्चीभर पसरा, मग कुणी किती राखणार? शिवाय साळुंकीचा डोळा पोळीच्या तुकड्यांवर, चिमणीचा बाजरीवर. आत्या दोन्ही एकत्र कालवून ठेवते आणि मग भांडण बघत बसते.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने मान्य: दोघीही भोकात घरटं करतात आणि साळुंकी चिमणीचं भोक बळकावते. पण तेवढ्याने चिमण्या संपत असत्या तर खेडी आधी ओस पडली असती, तिथं साळुंक्या काय कमी आहेत? पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून 2020 मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल निघाला. त्यात देशभरात चिमणी साधारण स्थिर आहे, घट दिसते ती मुंबईसह सहा महानगरांत. संभाव्य कारणं दिली आहेत पिल्लांना भरवायला लागणारे किडे आणि घरट्याच्या जागा कमी होण्याची. टॉवरबद्दल धड पुरावा नाही, असंही तोच अहवाल सांगतो. त्या मुद्द्यावर याहून जास्त शाई घालवत नाही.

पिल्लं उडाली की भोक बुजवीन, असं आत्या म्हणते. खुशाल बुजव. पण त्याआधी लाकडी खोका टांग, सव्वा इंचाच्या भोकाचा. चिमणी आत जाते, साळुंकीचं डोकं अडतं. आणि तो मेसेज तू ज्या दहा जणींना पाठवलास ना, त्यांना आता हे पाठव.