हसी कसा, वण कसा, आणि सुया कशात?

सकाळी साडेसातला आमच्या गल्लीत पुरसभेची, म्हणजे इकडच्या नगरपालिकेची, कचऱ्याची गाडी येते, स्पीकरवर कन्नडात चालू असतं, हसी कसा वेगळा द्या, वण कसा वेगळा द्या. महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी सांगतो, कन्नडात कसा म्हणजे कचरा, हसी म्हणजे ओला, वण म्हणजे सुका. आमची पोरगी लहान होती तेव्हा विचारायची, पप्पा ही गाडी रोज कसा कसा काय विचारते? आता दोन वर्षं झाली, मीच त्या गाडीला विचारतोय, बाबांनो सुया कशा, कशात घालू, कुणाकडं देऊ.

गावाचं नाव लिहीत नाही, उद्या पुरसभेत मलाच काम पडतं. बेळगाव जिल्हा, सीमाभाग, एवढं बास.

आईला शुगर आहे, वय ७४, सकाळ संध्याकाळ इन्सुलिन. पेन आहे, त्याच्या तोंडाला ४ एमएमची केसासारखी सुई फिरवून बसवायची. डॉक्टर म्हणतात दरवेळी नवी घ्या, म्हणजे वर्षाला ७३० सुया. आता खरं सांगतो, आमची आई एक सुई तीन-चार दिवस चालवते, "अजून टोचतीया की चांगली, कशाला टाकतोस" म्हणून. चुकीचं आहे, मला माहीत आहे, ज्ञान नको. तरी वर्षाला शंभरावर सुया होतातच, वर शुगर बघायला बोटाला टोचायच्या लान्सेट वेगळ्या.

सुरुवातीला कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायचो, सगळेच तसं करतात. मग मोबाईलवर वाचलं की जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालायच्या, टोपण घट्ट लावायचं, पाऊण भरली की बंद. म्हटलं हे झकास. कपडे धुवायच्या लिक्विडची निळी बाटली घेतली, सात-आठ महिने भरली, टोपणाला चिकटपट्टी मारली, स्केचपेननं लिहिलं "सुया आहेत, उघडू नये", खाली पोरीनं तेच कन्नडात लिहिलं, तिची शाळेत कन्नड चांगली आहे. आणि गाडीवरच्या आक्काच्या हातात दिली, नीट सांगून, अगदी शहाण्यासारखं.

तासाभरानं दूध आणायला गेलो तर गाडी कोपऱ्यावर उभी. आक्का खाली कट्ट्यावर बसलेली, माझी चिकटपट्टी दातानं फाडलेली, आणि बाटली उलटी करून ती सुया पोत्यात झटकत होती. मी ओरडलो, आक्का काय करताय! तर हसून म्हणाली, "साहेब, बाटली चांगली हाय की, जाड हाय." भंगारवाल्याकडं तसल्या प्लास्टिकला भाव आहे, त्या पैशावर ह्यांचा चहा-नाश्ता होतो. हातात ग्लोव्हज होते, पण कापडी, ते पण एकच, डाव्या हातात. टोचत नाही का विचारलं तर अंगठा दाखवला, "टोचतंय कधीमधी," आणि पदराला पुसल्यासारखं करून परत कामाला.

मी तिथंच गार पडलो. म्हणजे कागदात टाकली असती तर एखादी सुई टोचली असती, मी सगळ्या गोळा करून, बाटलीला भाव आणून, एकदम हातात दिल्या. आमच्या आईला दुसरा काही आजार नाही, पण आक्काला काय माहीत कुठली सुई कुणाची आहे? हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर आठवडाभर टिकू शकतो म्हणतात. दवाखान्यात कचरा उचलणाऱ्याला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची असा नियमच आहे. आक्काला मी विचारलं लस घेतलीय का, तर म्हणाली कोरोनाची घेतली की.

त्यानंतर मी फिरलो. मेडिकलवाला म्हणाला आम्ही विकतो, परत कुठं घेतो? डॉक्टर बिचारे भले माणूस, त्यांनी मला त्यांचा सुयांचा पांढरा डबा दाखवला, पिशव्यांवरचे बारकोड दाखवले, कचरा न्यायला बाहेरून गाडी येते तिचे पैसे भरतात, सगळं रजिस्टरवर. म्हणाले तुमचं घेतलं तर उद्या शेजारच्या चाळीस घरांचं यायला लागेल, मी काय उत्तर देऊ? पटलं मला. पुरसभेत गेलो. तिथला माणूस म्हणाला हा दवाखान्याचा कचरा, आमचा नव्हे, "इदु नमदल्ला री." दवाखाना म्हणतो घरचा, पुरसभा म्हणते दवाखान्याचा.

मग रात्री बसून तेव्हा लागू असलेले नियम वाचले. २०१६ साली केंद्रानं घनकचऱ्याचे नियम काढले त्यात घरगुती घातक कचरा अशी वेगळी जातच होती, रंगाचे डबे, सेल, एक्स्पायरी झालेली औषधं, आणि स्पष्ट लिहिलं होतं, वापरलेल्या सुया आणि सिरिंज. त्यासाठी गावात दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र काढायचं आणि त्याची वेळ जाहीर करायची, असं त्यात होतं. आमचं अख्खं गाव सायकलवर अर्ध्या तासात फिरून होतंय हो, एक केंद्र, एक टेबल, एक डबा, महिन्यातनं एक दिवस उघडला तरी चालंल. आणि त्याच वर्षीच्या दवाखान्याच्या कचऱ्याच्या नियमात परिशिष्टाखाली एक टीप आहे, घरातला असला कचरा वेगळा करून पालिकेच्या गाडीला द्यायचा आणि पालिकेनं मेडिकल वेस्टच्या प्लांटशी करार करून तो पोचवायचा. परत पुरसभेत जाऊन तिथल्या साहेबांना मोबाईलवर काढून दाखवलं. साहेब वाचून म्हणाले, असंल हो, पण आम्हाला वरनं तसा आदेश नाही. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला.

इकडं आम्ही पाटी मराठीत का नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भांडतोय, भांडलंच पाहिजे, पण सुयांच्या बाबतीत पाटी कुठल्याच भाषेत नाही, कन्नडात पण नाही. आमच्या मागच्या गल्लीतले एकजण सुया उसाच्या पाल्यात टाकून पेटवतात. प्लास्टिक जळतं, सुई तिथंच राहते, आणि त्या सरीतनं ऊस तोडायला येणाऱ्या बायका अनवाणी.

गेल्या वर्षी मला कोल्हापूरला मावसबहिणीकडं जायचं होतं, ती नर्स आहे. लोक पाहुण्यांकडं जाताना बेळगावचा कुंदा नेतात, मी कुंदा पण घेतला आणि पिशवीत तळाला दुसरी भरलेली बाटली. लाल गाडीत बसलो, हद्दीवरचा कोगनोळी नाका येईपर्यंत जीव मुठीत, पिशवी तपासली तर काय सांगायचं? कर्नाटकातनं महाराष्ट्रात सुया न्यायलोय? बहिणीनं बाटली ठेवून घेतली, काय केलं मी विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी कुंदाच आण."

तिसरी बाटली आता फ्रीजच्या वर आहे. ह्यावेळी आधीच कात्रीनं बाटलीच्या अंगावर चार-पाच चिरा दिल्यात, भंगारात कुणी घेऊ नये म्हणून, आणि आतनं सुया बाहेर येऊ नयेत म्हणून वरून दोन थर चिकटपट्टी. बायको म्हणते फ्रीजवर काय बॉम्ब ठेवलाय काय. पाऊण भरलीय. पुरसभेत ह्या महिन्यात परत अर्ज देणार आहे, कन्नडात, पोरीकडनं लिहून घेऊन. वॉर्डातल्या ज्यांच्या घरात इन्सुलिन चालू आहे त्यांनी सही करायला रविवारी सकाळी आमच्याकडं या, गाडी येऊन गेल्यावर.