चेतकचे हेड पुन्हा आवळण्याबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांच्या जुन्या बजाज चेतक स्कूटरचे इंजिन आमच्या जळगावच्या गॅरेजमध्ये बांधून घेतल्यानंतर आपण दिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. काम पक्के झाले असते तर 300 किलोमीटरनंतर हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) नट आवळण्यासाठी पाचोऱ्याहून पुन्हा बोलावण्याची वेळ आली नसती, आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी गाडी दिवसभर अडकवून ठेवली, असे आपले दोन आक्षेप आहेत. भर मे महिन्यात आपला एक दिवस गेला, याची मला जाणीव आहे. तरीही हे दुसऱ्यांदा आवळणे म्हणजे आधीच्या कामाची दुरुस्ती नसून त्याच कामाचा उरलेला भाग आहे, हे मी आपल्याला नम्रपणे सांगू इच्छितो. म्हणूनच बिलावर ते आधीच लिहिलेले होते आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

चेतकच्या क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या कवचातून) निघणारे चार स्टड (आटे असलेले पोलादी दांडे) ब्लॉकमधून, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरमधून, आरपार जाऊन हेडच्या वर येतात, त्यामुळे हेडचे चार नट आवळले की हेड, ब्लॉक आणि ब्लॉकखालचे कागदी पॅकिंग हे सर्व एकत्र दाबले जाते. नवे पॅकिंग इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर दबून थोडे पातळ होते, आणि तेवढ्यानेच स्टडवरचा ताण उतरतो. आपण समोर उभे असताना कारागिराने काऊल (इंजिनावरचे आच्छादन) काढून दाखवले होते, ते कृपया आठवावे: प्रत्येक नटापासून खालच्या वॉशरवर ओढलेली पिवळ्या रंगाची रेघ जशीच्या तशी सलग होती, म्हणजे एकही नट जागचा हललेला नव्हता, तरीसुद्धा पहिल्या वेळच्याच मापावर लावलेला टॉर्क पाना (ठरलेला जोर भरला की आवाज करणारा पाना) 'टक' वाजण्याआधी चारही नट थोडे थोडे फिरले. नट सैल झाला नाही, पण दाब कमी झाला, तो असा. तसेच चालवत राहिल्यास हेडच्या कडेने वायू निसटून काळा तेलकट डाग दिसू लागतो, कॉम्प्रेशन उतरते, इंजिन जास्त तापते आणि नवा पिस्टन सीज होण्यापर्यंत (सिलिंडरमध्ये अडकून बसण्यापर्यंत) वेळ येऊ शकते.

आता दिवसभर गाडी ठेवण्याविषयी. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे तापलेल्या इंजिनात फुगलेले हेड स्टडला आधीच ताणून धरते. त्या अवस्थेत पाना मापाला आला तरी इंजिन निवल्यावर दाब कमीच भरतो. तो भरून काढण्यासाठी अंदाजाने जास्त जोर लावला, तर क्रँककेसमधले आटे जाण्याची भीती असते, आणि तसे झाले की पुन्हा सगळे इंजिन उघडावे लागते. पाचोऱ्याहून उन्हात आलेली गाडी हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबणे यासाठीच आवश्यक होते. लगेच पाना फिरवून आपल्याला मोकळे करणे आम्हाला सोपे होते, परंतु जुन्या इंजिनाच्या बाबतीत ती घाई मला मान्य नाही. (इंजिन बांधून दिल्यावर ग्राहकाला परत बोलावूच नये, असे मानणारे कारागीर आहेत, माझे मत वेगळे आहे.)

मात्र या थांबण्याचा भार आपल्यावर पडू नये, ही आपली अपेक्षा रास्त आहे. आणखी 500 किलोमीटर झाल्यावर सायलेन्सर, कार्ब्युरेटर आणि इंजिन-माउंटिंगचे नट एकदा तपासणे इष्ट आहे. त्यासाठी आपण जळगावला येऊ नये; आमचा कारागीर टॉर्क पाना घेऊन सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, आपल्या घरी येईल आणि हेडवरही एकवार पाना लावून पाहील. याचे कोणतेही शुल्क नाही. सोयीची तारीख कृपया गॅरेजच्या फोनवर कळवावी, आणि तोपर्यंत ब्लॉक व हेडच्या सांध्यावर ओलसर काळेपणा दिसल्यास गाडी पुढे न चालवता त्याच दिवशी सांगावे.

आपला,
गॅरेजचालक, जळगाव