तंबोरा चालू असताना अॅम्प का झोपतो? एका मेसेजला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सांगली-मिरजेतल्या तीन ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: "गाण्यात शांत जागा आली की अॅम्प्लिफायर आपोआप बंद होतो? मग त्याचा आयसी जायला आलाय, बोर्ड बदला. तोवर मोबाइलवर २० किलोहर्ट्झचा टोन फुल आवाजात लावून ठेवा, तो ऐकू येत नाही. कायमचा इलाज हवा असेल तर आतली सेन्सिंगची वायर कापून घ्या. अॅम्प चोवीस तास चालू राहिला तरी बिलात फरक पडत नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी तर असला ऑटोवाला अॅम्प घेऊच नये."

विश्रामबागेतल्या आमच्या एका काकांनी हे वाचून बोर्ड बदलून घेतला. साडेचार हजार रुपये गेले आणि अॅम्प अजूनही विसाव्या मिनिटाला बंद होत होता. काकांचं वय चौऱ्याहत्तर. रात्री तासभर विलंबित ख्याल ऐकल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांचे पैसे गेले याचं मला वाईट वाटतंय, आणि असे आणखी किती जणांचे गेले असतील म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बोर्डाचं बघू. युरोपीय संघाने २००८ साली विजेच्या उपकरणांसाठी नियम केला. त्यानुसार २०१३ पासून वापरात नसलेलं उपकरण ठरावीक वेळानंतर आपोआप स्टँडबायमध्ये गेलं पाहिजे आणि तिथे साधारण अर्ध्या वॉटवर वीज खाता कामा नये. कंपन्या एकच मॉडेल अनेक देशांत विकतात, त्यामुळे ही सोय आपल्याकडच्या अॅम्पमध्येही आली. म्हणजे तो बंद होतो तो बनवणाऱ्याने ठरवलंय म्हणून. बिघाड ओळखायचा तर घड्याळ लावा. दर वेळी मोजून तितक्याच मिनिटांनी बंद होत असेल तर ते ऑटो स्टँडबाय. मोठ्या आवाजात, तबल्याच्या जोरदार थापेला किंवा अॅम्प तापल्यावर बंद होत असेल तर ते प्रोटेक्शन, म्हणजे स्वतःला वाचवायला अॅम्पने केलेली बंदी. तेव्हा स्पीकरच्या वायरी एकमेकींना टेकल्यात का ते पाहा आणि मग जरूर दुरुस्तीला न्या. अॅम्प चालूच आहे, पण प्रत्येक गाण्याचा पहिला अर्धा सेकंद गिळला जातो, हा तिसराच प्रकार. त्याकडे पुढे येतो.

आता मेसेजमधलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. शास्त्रीय संगीतात "शांत जागा" असतात म्हणून अॅम्प झोपतो, असं त्यात गृहीत धरलंय. मिरजेच्या माणसाने तरी हे कसं मान्य करावं? इथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा मैफिलीत एक क्षणही थांबत नाही. गवई श्वास घेतो तेव्हाही तारा बोलतच असतात. मग अॅम्पला शांतता ऐकू येते कुठून?

त्याला गाणं कळत नाही, त्याला फक्त वायरीतले मिलिव्होल्ट दिसतात. मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून फुल आवाजात जास्तीत जास्त एक व्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो. विलंबितातला आलाप रेकॉर्डिंगमधल्या सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा सहज २० डेसिबल खाली असतो. म्हणजे व्होल्टचा दहावा भाग, १०० मिलिव्होल्ट. इथपर्यंत काही अडचण नाही. पण रात्री घरच्यांना त्रास नको म्हणून आपण आवाज कमी करतो मोबाइलवर, आणि अॅम्पचा नॉब तसाच वर राहतो. मोबाइलवर ४० डेसिबल कमी केलं की शंभरावा भाग, हातात उरतो १ मिलिव्होल्ट. अॅम्पचं सेन्सिंग, म्हणजे सिग्नल येतोय का हे पाहणारा भाग, बहुतेक ठिकाणी काही मिलिव्होल्टच्या वर जागं राहतं. तुम्हाला आलाप नीट ऐकू येतोय, आणि अॅम्पच्या लेखी घरात कुणीच नाही. त्याची वीस मिनिटं मोजणं सुरू होतं आणि बरोबर स्वर लागायच्या वेळी रिले टक् करून सुटतो.

जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डींवरून केलेल्या फायली लावल्या की हा त्रास सहसा होत नाही, हेही मी पाहिलंय. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या रेकॉर्डी घ्या. सुईची खरखर अखंड चालू असते आणि तीच अॅम्पला जागं ठेवते. त्याच फायली कुणी खरखर काढून साफ केल्या की दोन रेकॉर्डींच्या मध्ये निखळ शून्य उरतं.

म्हणून इलाज अगदी साधा आहे: मोबाइल, टीव्ही किंवा कॉम्प्युटरचा आवाज फुलच्या जवळ ठेवा आणि कमी-जास्त करायचं ते अॅम्पच्या नॉबने. पहिल्यांदा हे करताना नॉब आधी खाली आणा, मग मोबाइल वर न्या, नाहीतर दचकाल. एवढ्याने भागलं नाही तर मेनूत ऑटो स्टँडबाय किंवा ऑटो पॉवर डाउन अशी नोंद असते, ती बंद करा किंवा वेळ वाढवा. सबवूफरच्या, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरच्या, मागे बहुधा ऑन, ऑटो, ऑफ असं बटण असतं. ते ऑनवर टाका. सबवूफरला हा रोग जास्त, कारण त्याच्या वाट्याला फक्त खालचा भाग येतो. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खरज, म्हणजे सर्वांत खालचा सा, सुमारे ७० हर्ट्झचा असतो, पण जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या घासलेल्या वळणामुळे, त्याची बहुतेक ताकद वरच्या उपस्वरांत जाते. खाली फार थोडं उरतं. ज्या सबवूफरला डावा-उजवा असे दोन्ही इनपुट आहेत, तिथे एका वायरीची वाय-केबलने दोन करून दोन्हींत घातली तर बऱ्याचदा सिग्नल ६ डेसिबलपर्यंत वाढतो आणि तो जागा राहतो.

२० किलोहर्ट्झचा टोन मात्र कृपा करून लावू नका. ऐकू येत नाही म्हणजे तो तिथे नाही असं नव्हे. तो सगळाच्या सगळा ट्वीटरवर, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर, जातो. ट्वीटरची तार केसासारखी बारीक, सतत काही वॉटपेक्षा जास्त सोसायला ती केलेलीच नसते. गाण्यात तिच्यावर क्षणभर भार येतो आणि उतरतो; टोन उतरतच नाही. त्यातून गाणं मोठं करायला नॉब वर नेला की टोनही वर जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. काकांना तो ऐकू येणार नाही हे खरं, पण त्यांच्या नातीला येऊ शकतो आणि अंगणातल्या कुत्र्याला तर नक्कीच येतो. एवढं करून उपयोग होईलच असंही नाही. फाईल दाबून लहान करताना १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुधा छाटलं जातं, आणि सबवूफरचं सेन्सिंग खालचेच सूर पाहत असेल तर त्याला हा टोन दिसतच नाही.

गाण्याची सुरुवात गिळली जाते त्या प्रकारात सतत काहीतरी पाठवण्याची कल्पना चालते, पण किती बारीक ते बघा. डिजिटल वायरीतून सलग शून्यं आली की कित्येक डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारे भाग, स्वतःला म्यूट करतात. त्यांना जागं ठेवायला १६ बिटमधला सर्वांत छोटा आकडा इकडे-तिकडे हलला तरी पुरतं, आणि तो पूर्ण आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबल खाली असतो. इतक्या हलक्या खरखरीची फाईल मागे चालू ठेवली तर ना कानाला कळतं ना ट्वीटरला. कॉम्प्युटर असेल तर त्याआधी साउंड ड्रायव्हरची पॉवर सेव्हिंग बंद करून पाहा, बरेचदा तेवढ्यावरच काम होतं. मिलिव्होल्ट पाहणाऱ्या अॅनालॉग सेन्सिंगवर मात्र इतक्या बारीक आवाजाचा काही परिणाम होत नाही.

वायर कापण्याबद्दल एवढंच: प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि जे काम बटणाने होतं त्यासाठी त्यात हात घालायचं काही कारण नाही.

बिलाचं विधान तर हिशेबानेच खोटं ठरतं. जुन्या पद्धतीचा मोठा रिसीव्हर नुसता चालू असताना ४० वॉट खात असेल तर दिवसाला जवळजवळ एक युनिट, महिन्याला २९. ज्यांचा वापर शंभर युनिटांच्या टप्प्याजवळ घुटमळतो, त्यांना ते नक्की जाणवेल. क्लास डीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या पद्धतीचा, छोटा अॅम्प १० वॉट घेत असेल तर महिन्याला सात युनिट. अर्ध्या वॉटच्या स्टँडबायला महिनाभरात अर्धं युनिटही लागत नाही. तेव्हा ऑटो बंद केलंत तर ऐकून झाल्यावर भिंतीवरच्या स्विचबोर्डचं बटण स्वतः बंद करायची सवय लावा.

काकांकडे मी परवा जाऊन आलो. मेनूला हातही लावला नाही. मोबाइल वर नेला, नॉब खाली आणला आणि नॉबवर जिथे थांबायचं तिथे पांढऱ्या रंगाची खूण केली. त्या रात्री विलंबित संपून द्रुत लागलं तरी अॅम्प चालू होता. तसं त्यांनी साडेअकराला फोन करून सांगितलं.