दारफाळणी

पेढा पुढे आला तेव्हा माझ्या पोटात तेवीस तास अन्नाचा कण नव्हता की पाण्याचा थेंब नव्हता. पेढा धरलेला हात पोलिसाचा होता आणि तो पोलीस मला आमच्याच सिनेगॉगमध्ये, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघरात, जाऊ देत नव्हता.

तारीख 2 ऑक्टोबर 2025. दसरा, गांधी जयंती आणि आमचा योम किप्पूर (ज्यूंचा प्रायश्चित्ताचा उपास), तिन्ही एकाच दिवशी. आमचं पंचांगही चंद्रावर चालतं, एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरून मेळ बसवतं, म्हणून आमच्या तिश्री महिन्याची दशमी आश्विनातल्या दशमीच्या आसपास घुटमळते. त्यात त्या वर्षी गांधीजीही आले. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या आज्या या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणायच्या. नावात फाळणी दिसली तरी अर्थ एवढाच, की दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे आणि पंचवीस तास कडकडीत उपास करायचा. हे ‘कडकडीत’ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगून बघा. उपास म्हटला की इथे घरात जास्तच शिजतं. शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात, “मग तुमच्यात चालतं काय?” काहीच नाही. “चहा?” नाही. “अहो, रताळं तर जमिनीतून येतं!” आता यावर काय बोलणार?

तर, सकाळपासून प्रार्थनेला बसलो होतो. दुपारी आईला गोळी द्यायला घरी गेलो आणि संध्याकाळी चालत परत आलो. तेवढ्यात दारावरची ड्यूटी बदललेली. 2008 च्या नोव्हेंबरात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून मुंबईत आमच्या दारांवर पोलीस असतात. त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे त्या दिवसापर्यंत नव्हती.

“कुठं?”

भुकेलेल्या माणसाच्या तोंडून लहानपणचं निघतं. आमच्या घरी आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची. मस्जिद बंदर स्टेशनाला ते नाव आमच्या जुन्या मशिदीवरून, म्हणजे 1796 सालच्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. तर मी म्हणालो, “मशिदीत.”

“ती मागच्या गल्लीत. हे ज्यू लोकांचं आहे.”

“मी ज्यूच आहे.”

त्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी गोल टोपी. “गांधी जयंतीचा कार्यक्रम सकाळीच झाला, साहेब.”

“अहो, खरंच ज्यू आहे.”

“मराठी झकास बोलता.”

“मातृभाषा आहे.”

“आधार दाखवा.”

आज काही जवळ बाळगायचं नसतं, पाकीट घरी आहे, असं मी सांगितलं. मग मोबाइलमध्ये असेल, असं तो म्हणाला. मोबाइल आज चालत नाही. “बिघडलाय?” नाही, सण आहे. “मग आतल्या कुणाला तरी फोन लावा की.” कशावरून लावू? “माझ्यावरून लावा!” माणूस मनाने उदार होता. पण आत दीडशे माणसं आणि प्रत्येकाचा फोन घरी, बंद.

“नाव सांगा.” सांगितलं. आडनावाच्या शेवटचा ‘कर’ ऐकताच तो खुलला. “अलिबागकडचे काय? माझी सासुरवाडी तिकडेच!” मग त्याच्या मेव्हण्याची वाडी, सुपारीचा पडलेला भाव आणि रस्त्यातले खड्डे. मी हूं हूं करत राहिलो. आत नेईला सुरू झाली होती. नेईला म्हणजे शेवटची प्रार्थना, स्वर्गाची दारं मिटायच्या आत उरकायचं मागणं. वरची दारं मिटत होती आणि खालचं उघडत नव्हतं.

“पण ज्यू अलिबागला कसे पोचले?”

“नौगावला गलबत फुटलं. सात जोडपी वाचली म्हणतात. पुढे तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव शनवार तेली म्हणायचं.”

“कधीची गोष्ट?”

“दोन हजार वर्षं झाली असं मानतात.”

तो हळहळला. “मग कागदपत्रं असणार नाहीत.”

आणि मग त्याने पेढा काढला. ठाण्यात शस्त्रपूजा झाली होती, तिचा प्रसाद. “घ्या, दसरा आहे.” उपास आहे म्हटलं. “पेढा उपासाला चालतो!” तो एवढ्या अधिकाराने म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, चालत असेल.

एवढ्यात एक गोरा पाहुणा आला. उंच, निळ्या डोळ्यांचा, पासपोर्ट हातात. पोलिसाने पासपोर्टाची पानं चाळली आणि सलाम ठोकून दार उघडलं. शालोमसुद्धा म्हणाला. हे मात्र मला अजून टोचतं. 2016 साली राज्य सरकारने आम्हाला अल्पसंख्याक म्हणून दर्जा दिला, आणि अल्प म्हणजे किती? 2011 च्या जनगणनेत सगळ्या देशात पाच हजारही भरलो नाही. ऑफिसात आमच्या हनुक्काच्या सणाला लोक मेरी ख्रिसमस म्हणतात, पेसाहच्या सणाला मी आठ दिवस पाव खात नाही तर डायट का म्हणून विचारतात. तेही हसून घेतो. पण नव्या वर्षाला चिकाचा हलवा खाऊन वाढलेल्या, आमच्या आब महिन्यातल्या उपासाला बिरड्याचा सण म्हणणाऱ्या माणसाने ज्यू दिसण्यासाठी आणखी करायचं तरी काय? निळे डोळे कुठून आणू?

आतून शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजला. लांबलचक. संपलं वर्षभराचं मागणं.

“शंख दमदार वाजवतात,” पोलीस म्हणाला.

वरच्या खिडकीतून मावशी ओरडली, “अरे, तिथे पेढे काय खातोस? नेईला बुडवलीस ना!” मग खाली वळून, “आणि तुम्ही सोडा हो त्याला, आमच्यातलाच आहे!” मावशी नऊवारीत होती. तिच्याकडे त्याने आधार मागितलं नाही.

आत काळ्या मनुकांचं शरबत संपत आलं होतं. माझ्या वाट्याला तळाच्या मनुका आल्या.

दुसऱ्या दिवशी शिळा सण. या दिवशी दानधर्म करायचा, घरातलं चार लोकांना द्यायचं. बायको म्हणाली, त्या पोलिसालाही डबा ने, दिवसभर उभा असतो बिचारा. मी म्हटलं, अजिबात नेणार नाही. अर्ध्या तासाने डबा घेऊन निघालो. या वेळी आधार खिशात, मोबाइल हातात.

दारावर तिसराच होता.

“कुठं?” त्याने विचारलं, “आणि डब्यात काय आहे?”