मे महिन्याच्या सुटीत सावंतवाडीत प्रेमात पडू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

सर्वप्रथम आपले अभिनंदन. आपले वय सोळा-सतरा आहे, परीक्षा संपली आहे आणि मुंबईच्या उकाड्यातून आपली रवानगी महिनाभरासाठी सावंतवाडीला, मामाकडे होत आहे. प्रेमात पडण्यासाठी लागणारी सगळी सामग्री, म्हणजे रिकामा वेळ, दुपारची झोप आणि शेजारच्या पडवीत कैऱ्या चिरत बसलेली मुलगी, तेथे आयती उपलब्ध आहे. उरतो तो तपशिलाचा भाग. त्याबाबत योग्य मार्गदर्शन न मिळाल्यामुळे दरवर्षी कित्येक होतकरू मुलगे जूनमध्ये नुसतीच आंब्याची पेटी घेऊन परत जातात, म्हणून हा प्रपंच.

प्रेमाची सुरुवात तिकिटापासून होते. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. तेव्हा मे महिन्यातल्या प्रेमाची तजवीज ऐन परीक्षेच्या हंगामात, मार्चमध्येच, करून ठेवावी. मध्यरात्री दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस आपणांस दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास सावंतवाडी रोडला आणून सोडते. हे स्थानक शहरात नसून मळगावात आहे, त्यामुळे पुढे रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्याला मामाचे नाव सांगितल्यावर मामा या क्षणी घरी नसून बाजारात गेले आहेत आणि मामी आपल्यासाठी सकाळपासून घावने काढून वाट पाहत आहेत, ही माहिती तो आपण न विचारता देईल. गुप्तता राखण्याचा आपला काही बेत असल्यास तो येथेच, मीटरशिवाय ठरलेल्या भाड्यासह, सोडून द्यावा.

शहरात आपणांस पहिला प्रश्न विचारला जाईल तो असा : "कोणाचो रे झील तू?" याचे उत्तर स्वतःच्या नावाने देऊ नये, कारण आपल्या नावात कोणालाही रस नाही. आईचे माहेरचे नाव, मामाचा हुद्दा, घर कोणत्या वाड्यात आणि विहिरीच्या कोणत्या अंगाला, या क्रमाने उत्तर द्यावे. त्यानंतर आडनाव विचारले जाईल, आणि ते सांगितल्यावर समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होईल. ती आठवण्याचा प्रयत्न करीत आहे, असे आपणांस वाटेल. वस्तुतः ती मोजमाप करीत असते. याच जिल्ह्यात, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा निर्माण झाला, तो १९८१ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून १९९२ मध्ये 'सिंधू' झाला. आईबापांची नावे आणि साल यांसह या सोयरिकींची नोंद सरकारदरबारी आहे व त्यांचे सर्वत्र कौतुक होते. माणसांच्या बाबतीत मात्र असले प्रयोग अद्याप संशोधनाच्या पातळीवरच आहेत. आडनाव जुळले तरीही हुरळून जाऊ नये, कारण अशा वेळी हमखास असे निष्पन्न होते की मामीच्या माहेरच्या नात्याने ती आपली मावशी लागते.

आता मोती तलावाकडे वळू. शहराच्या मधोमध पाणी, एका काठाला राजवाडा, कडेने चालण्याचा रस्ता, पाण्यावरून येणारा वारा, अशी जागा पाहिल्यावर ती प्रेमिकांसाठीच घडवली असावी, असा मुंबईकराचा समज होतो. हा समज अवश्य जोपासावा, फक्त थोडे गणित जवळ ठेवावे. तलावाला फेरी मारता येते, याचा अर्थ असा की आपण एका दिशेने चालू लागलात आणि दुसरी व्यक्ती उलट दिशेने आली, तर एका फेरीत तिची गाठ दोनदा पडते. संध्याकाळी सहाच्या सुमारास उलट दिशेने साधारण नऊ ओळखीच्या बायका फिरत असतात असे धरले, तर तीन फेऱ्यांत एकूण चोपन्न भेटी होतात. पहिल्या भेटीत त्या हसतात, दुसऱ्या भेटीत "आई बरी आहे ना?" असे विचारतात, आणि तिसऱ्या भेटीपासून त्या काहीही विचारत नाहीत, कारण आता त्यांना सर्व समजलेले असते. जे थोडेफार सुटते ते कट्ट्यावर बसलेले निवृत्त शिक्षक पूर्ण करतात. दृष्टी अधू झाल्याची तक्रार करणाऱ्या या गृहस्थांना पलीकडच्या काठावरची ओढणी कोणाची, हे चष्म्याविना ओळखता येते.

अर्थात आपण दोघे बरोबर चालत आहात, असा याचा अर्थ मुळीच नाही. ती आई, काकू आणि धाकट्या बहिणीसह पुढे चालते. आपण चाळीस पावले मागे चालायचे आहे, आणि तेही मामाच्या आठ वर्षांच्या मुलाचे बोट धरून. हा मुलगा आपल्या प्रेमातील सर्वांत महत्त्वाचा माणूस होय. त्याने घरी काही बोलू नये म्हणून आपण त्याला रोज एक आइस्क्रीम द्यावे, आणि मामी त्याला बोलण्याबद्दल दोन देते, हे स्वतःला कळू देऊ नये. घरी पोहोचेपर्यंत आपल्या फिरण्याची गजाल झालेली असते. गजाल म्हणजे निंदा, असा गैरसमज करून घेऊ नये. निंदेत एखादी गोष्ट वाढवून सांगतात, तर गजालीत ती आधी ऐकणाऱ्यालाच सांगायला लावतात. "आज खूप पाय दुखत असतील, नाही?" असे मामीने ताटात सोलकढी वाढताना विचारले, की आपण मान खाली घालून भात कालवावा.

प्रस्तुत लेखक या विषयात अगदीच अननुभवी नाही. १९९६ च्या मे महिन्यात तो रात्रभर एसटीने हाडे खिळखिळी करून घेत याच शहरात आला होता. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू व्हायला तेव्हा १९९८ चा जानेवारी उजाडायचा होता. सुटी संपल्यावर मुंबईहून त्याने एका पत्त्यावर आपले मन मोकळे केले, मात्र काटकसर म्हणून आंतरदेशीय पत्राऐवजी पोस्टकार्ड वापरले. पंधरा दिवसांनी ते कार्ड पाकिटात घालून परत आले. मुलीच्या आजोबांनी त्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या आणि खाली 'अक्षर सुधारावे' असा शेरा होता. अक्षर सुधारले.

भेटवस्तू देण्याचा मोह होईल, आणि सावंतवाडीत भेटवस्तू म्हटली की पाय आपोआप चितारआळीकडे वळतात. तेथील लाकडी फळे पाहून आपण हरखून जाल आणि एक आंबा बांधून द्यायला सांगाल. दुकानदार "कोणासाठी?" असे विचारील, कारण तिच्या वडिलांशी त्याचा घरोबा आहे. शिवाय ज्या घरात खरे आंबे खाटेखाली आढी घालून ठेवलेले आहेत आणि खोटे आंबे दिवाणखान्याच्या कपाटात दोन पिढ्यांपासून धूळ खात आहेत, तेथे आपल्या आंब्याचे काय स्वागत होईल, याचा विचार आपण करणार नाहीच. हातांनी रंगवलेला दशावतारी गंजिफा, म्हणजे १० रंगांची १२० गोल पाने, अधिक उचित ठरेल. पण त्याची किंमत ऐकल्यावर वडिलांना फोन करावा लागतो, आणि मग त्यांना कारण सांगावे लागते. त्यापेक्षा तिच्या फोनचा चार्जर बिघडल्याचे कानावर येताच आपला जलद चालणारा चार्जर देऊन टाकावा. ती 'थँक्यू' म्हणेल. त्या एका शब्दावर आपण चार दिवस काढू शकता.

एकदा वेंगुर्ल्याच्या समुद्रावर जाण्याचा योग येईलच. एसटीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे पडते, त्यामुळे ती, तिची आई, काकू, बहीण आणि आपली मामी या पाच जणींच्या तिकिटांची बेरीज अडीच होते आणि आपले एकट्याचे पूर्ण एक. सर्व तिकिटे काढण्याचा शूरपणा करायचा असल्यास तो याच मार्गावर करावा, स्वस्त पडतो. समुद्रावर आपल्या वाट्याला चपला सांभाळण्याचे काम येईल. ते मन लावून करावे.

यापुढचा भाग नाजूक आहे. मे महिन्याची योजना निसर्गाने प्रेमासाठी केली असली, तरी शिक्षण मंडळाने ती निकालासाठी केली आहे. २०२५ साली बारावीचा निकाल ५ मे रोजी आणि दहावीचा १३ मे रोजी लागला, म्हणजे ओळख नुकतीच 'थँक्यू'पर्यंत येत असतानाच. दहावीला कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागून तो राज्यात पहिला आला. हे तो दरवर्षी करतो, त्यामुळे येथे कोणी त्याचे ढोल वाजवीत नाही. तिला ९४ टक्के मिळाल्याचे आपणांस पेढ्यासोबत कळेल, आणि त्याच पेढ्यासोबत "तुका किती?" हा प्रश्नही येईल. मुंबईत स्पर्धा फार असते, पेपर कडक तपासतात, हे सर्व आपण सांगून पाहावे. तिची आजी समजुतीने मान हलवील आणि आपल्या हातावर आणखी एक पेढा ठेवील. तो पेढा दयेचा आहे हे ओळखूनही खावा, कारण पेढा उत्तम असतो.

निकालानंतर ती आपणांस टाळू लागल्याचे वाटेल. तसे काही नाही. तिला वेळ नसतो. पावसापूर्वीच्या पंधरा दिवसांत त्या घरात आंबे निवडायचे असतात, पेट्या भरायच्या असतात, फणसाची साटे, म्हणजे रसाच्या पोळ्या, वाळत घालायची असतात आणि रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडायचे असतात. आपण शहाळ्यातली मलई चमच्याने खरवडत ज्याला कोकणचा निवांतपणा म्हणता, तो या सगळ्याच्या कडेने पडवीत आपल्यासाठी मुद्दाम ठेवलेला एक पाट असतो. या टप्प्यावर तिच्या घरून आपणांस बोलावणे येते, आणि प्रेमाने उचल खाल्ली असे समजून आपण इस्त्रीचा शर्ट घालून जाता. तेथे आपल्यापुढे रतांब्यांची डाली ठेवली जाते. फळ फोडायचे, बिया व गर वेगळा काढायचा, साल उन्हात घालायची, ती वाळू लागली की मिठाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायची, असे काही दिवस चालते आणि मग त्याची सोले होतात. तीन दिवस आपण तिच्यासमोर बसून रतांबे फोडता, आपली आणि तिची बोटे एकाच रंगाने लाल झालेली असतात, आणि हे दृश्य आपल्याला जन्मभर पुरेल असे आपणांस वाटते. घरात आपला स्वीकार झाला, असा अर्थ मात्र यातून काढू नये. माणसे मिळत नाहीत.

मग पाऊस येतो. दक्षिण कोकणात तो जूनच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित असतो, म्हणून आपण निरोपाचे संवाद जूनसाठी राखून ठेवता. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला आणि अनेकांचे संवाद घशातच राहिले. पहिल्या सरीत ती अंगणात येऊन उभी राहील, ही आपली अपेक्षा रास्त आहे, आणि ती खरोखर येईल. पण साटे आत घेण्यासाठी. "बघत काय रवलंस, ता सूप घी!" हे तिचे आपल्याला उद्देशून उच्चारलेले सर्वांत दीर्घ वाक्य असेल.

निघण्याच्या दिवशी मामा देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतील. आजूबाजूची दहा-बारा माणसे हात जोडून उभी असतील, त्यांत तिचे वडीलही असतील. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू आज मुंबयक जाता हा. तेची वाट सांभाळ. फुडल्या परीक्षेक तेका बरे मार्क पडांदेत. आणि ह्या म्हयन्यात तेच्या मनात जा काय भरलासा, ता हंयच रवांदे, म्हाराजा." त्यावर सर्वजण, कट्ट्यावरच्या निवृत्त शिक्षकांसह, एका सुरात "होय म्हाराजा" म्हणतील. सर्वांत मोठा आवाज आइस्क्रीमवाल्या आठ वर्षांच्या मुलाचा असेल.

स्थानकावर ती येणार नाही. पेटी येईल. मुंबईला पोहोचताच आपण ती स्वतः उघडण्याचा हट्ट धराल आणि गवताखाली एखादी चिठ्ठी आहे का ते पाहाल. गवत सावकाश उपसावे, त्याखाली आंबेच असतील. तोवर मामीचा फोन येईल. ती प्रवास कसा झाला ते विचारील, आंबे दोन दिवस थांबून खा म्हणून बजावील, आणि मग सांगेल की तुझा चार्जर शेजारीच राहिला, पाठवून देऊ का असे विचारले तर ती म्हणाली, राहू दे, नाहीतरी तो आता पुढल्या मे महिन्यापर्यंत येत नाही.