फिनलंडबद्दल फिरणाऱ्या याद्यांतलं खरं किती?

‘फिनलंड पाहून आलो’ अशा थाटाच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतात. मुद्दे बहुतेक तेच: लोक जगात सर्वांत आनंदी, सहा महिने रात्र, कोणी कोणाशी बोलत नाही, सौनात (गरम वाफ घेण्याच्या खोलीत) सगळे एकत्र विवस्त्र बसतात, शाळेत गृहपाठ नाही, सगळं फुकट आणि माणसं जात्याच शिस्तीची. दहा-पंधरा दिवसांत जे दिसलं ते लोकांचा स्वभाव म्हणून खपवायचं, ही या याद्यांची खोड. त्यातलं बरंचसं स्वभावापेक्षा सोयीचं आणि नियमाचं आहे.

आनंदाचं आधी उरकू. जागतिक आनंद अहवालात 2018 ते 2025 फिनलंड सलग पहिला आहे, हे खरं. पण तिथे कोणी हसणं मोजत नाही. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून ‘आज तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे’ एवढंच विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात. साडेसात-पावणेआठ म्हणजे ‘बरं चाललंय, फार चिंता नाही’. ट्रॅममध्ये गंभीर चेहरे पाहून ‘हे कसले आनंदी’ म्हणणाऱ्यांनी आधी प्रश्न वाचावा.

सहा महिन्यांची रात्र फिनलंडमध्ये कुठेच नसते. अगदी उत्तरेच्या उत्स्योकीत सूर्य साधारण 51 दिवस उगवत नाही. तेव्हाही दुपारी काही वेळ निळसर उजेड असतो. हेलसिंकीत डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस सहा तासांना थोडा कमी. थंडीचंही तसंच: उणे तीस हा उत्तरेकडच्या लॅपलंडचा आकडा, हेलसिंकीत जानेवारी-फेब्रुवारीची सरासरी उणे तीन-चारच्या आसपास. आणि खरा त्रास तिथेच होतो. तापमान शून्याच्या वर-खाली होत राहिलं की बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि पदपथाची काच होते. म्हणून त्यावर खडी टाकतात. एप्रिलमध्ये ती झाडून काढेपर्यंत शहरभर धूळ उडते. जाणाऱ्याने जाडजूड कोटाआधी पकड असलेले बूट बघावेत आणि अंधारात अंगावर परावर्तक, म्हणजे गाडीच्या दिव्यात चमकणारा तुकडा, लटकवावा. पायी चालणाऱ्यांनी तो वापरावा असं कायदाच सांगतो.

‘लोक तुसडे, प्लीजसुद्धा म्हणत नाहीत.’ फिनिशमध्ये ‘प्लीज’ला सरळ शब्दच नाही. नम्रता क्रियापदात असते: ‘साइसिंको काह्विन’, म्हणजे ‘कॉफी मिळेल का’, आणि शेवटी ‘कीतोस’, म्हणजे ‘धन्यवाद’. मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये; आपणही घरात ‘कृपया पाणी द्या’ म्हणत नाही, ‘जरा पाणी देतेस का’ म्हणतो. समोरचा श्वास आत ओढत ‘यो’ म्हणाला तर तो दचकलेला नाही, ‘हो’ म्हणतोय.

सौनाबद्दल मात्र सर्वांत जास्त चुकीचं लिहिलं जातं. कुटुंब एकत्र बसतं, पण सार्वजनिक सौनात स्त्री-पुरुषांच्या खोल्या सहसा वेगळ्या असतात. जलतरण केंद्राच्या सौनात पोहण्याचे कपडे घालून बसायला मनाई असते, कारण कपड्यातलं क्लोरीनचं पाणी तिथल्या उष्णतेत नकोसं होतं. उलट हेलसिंकीच्या समुद्रकाठी 2016 साली उघडलेल्या ‘ल्योयल्यू’ नावाच्या सौनात स्त्री-पुरुष सगळे एकत्र बसतात, तर तिथे पोहण्याचे कपडे सक्तीचे. आधी अंघोळ, मग बुडाखाली छोटा पंचा, ही रीत दोन्हीकडे.

‘जितकी उष्णता जास्त तितकं खरं सौना’ हाही पर्यटकी समज. वरच्या बाकावर 80 अंशांच्या आसपास पुष्कळ झालं. मुद्दा ल्योयल्यूचा आहे (त्या सौनाचं नाव याच शब्दावरून), म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकल्यावर उठणाऱ्या वाफेचा. लाकडाची भट्टी तासभर तरी आधी पेटवावी लागते. दगड आतपर्यंत तापले नसतील तर पाणी खाली ओघळतं आणि जड, दमट वाफ येते. तापले असतील तर चर्रर्र आवाज येतो, वाफ दिसत नाही, दोन क्षणांनी खांद्यांवर जाणवते. एका वेळी एक पळीभर पाणी. बादली रिकामी करणारा पाहुणा दगड थंड करून ठेवतो. समुद्राचं पाणी तर नकोच, भट्टी गंजते. दगडही कायमचे नसतात: तापून-थंड होऊन ते भुगा होतात, मधल्या फटी बुजतात, हवा खेळत नाही आणि विजेच्या भट्टीची कॉइल जळते. म्हणून अधूनमधून सगळे दगड काढून, भुगा झाडून, पुन्हा सैल रचावे लागतात.

शाळा: गृहपाठ असतो, वर्गात चाचण्या होतात, 4 ते 10 गुणही मिळतात. नसते ती दहावीसारखी देशव्यापी परीक्षा. ती थेट उच्च माध्यमिकच्या शेवटी येते आणि 1852 पासून आहे. ‘जगात पहिली शाळा’ हेही शिळं झालं: पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडचे गणिताचे सरासरी गुण 2006 मध्ये 548 होते, 2022 मध्ये 484.

फुकट म्हणाल तर शाळेतलं जेवण फुकट, 1948 पासून. पण पुण्या-मुंबईहून इंग्रजी मास्टर्सला जाणाऱ्याला 2017 पासून फी आहे, आणि सप्टेंबर 2024 पासून सर्वसाधारण व्हॅट 25.5 टक्के.

‘रस्त्यावर एक डबा दिसत नाही, काय ती शिस्त!’ शिस्त आहेच, पण पेयाच्या डब्यामागे 15 सेंट अनामतही आहे, दीड लिटरच्या बाटलीमागे 40. दुकानातल्या यंत्रात डबा टाकला की पावती येते, ती गल्ल्यावर वटवायची. डबा चेपू नका. बारकोड वाचता आला नाही तर यंत्र तो घेत नाही.

आणि ‘युरोपात संडासात कागदच’ हे फिनलंडला लागू नाही. तिथे बहुतेक ठिकाणी कमोडजवळ हातशॉवर असतो. तो बऱ्याचदा बेसिनच्या नळाला जोडलेला असतो: आधी बेसिनचा नळ उघडायचा, मग शॉवरची कळ दाबायची. पाणी कोमट येतं. नंतर नळ आठवणीने बंद करायचा, नाहीतर पाइपवर दाब राहतो आणि तो गळायला लागतो.